पंधरापैकी किती?

औराद, भालकीकडचं तापात बेशुद्ध झालेलं मूल बिदरच्या ‘ब्रिम्स’मध्ये येतं, आळंदकडचं कलबुर्गीच्या ‘जिम्स’मध्ये. श्वास आणि नाडी सांभाळली की डॉक्टर तीन गोष्टी बघतात: डोळे उघडतात का, तोंडातून काय निघतं, हातपाय कसे हलतात. डोळ्यांना ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. एकूण १५, काहीच प्रतिसाद नसला तरी ३ मिळतात. ८ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर कोमा. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये ही मोजपट्टी मांडली, ती मोठ्यांसाठी.

सहा महिन्यांच्या बाळाला आज वार कोणता म्हणून विचारायचं कसं? म्हणून बाळाच्या हुंकार-बडबडीला ५, किरकिरीला ४, फक्त दुखवल्यावर रडलं तर ३. चार वर्षांच्या मुलाची आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण. घरी मराठीच ऐकणाऱ्या मुलाला कन्नडमध्ये प्रश्न विचारला आणि ते गप्प राहिलं, तर गुण मेंदूने घालवला की भाषेने? आईलाच खाटेजवळ बोलावून हाक मारायला लावावी, हे उत्तम.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून आलेल्या ‘फोर स्कोअर’ने बोलणं वगळूनच टाकलं. डोळे, हालचाल, मेंदूच्या बुंध्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया आणि श्वास, प्रत्येकी ४. घशात नळी असलेल्या मुलालाही तो लावता येतो.

वाचेल का, हा घरच्यांचा प्रश्न. गुण कमी तितका धोका जास्त, हे खरंच. पण कारणाशिवाय आकडा अर्धवट. रक्तातली साखर घसरून ४-५ गुणांवर आलेलं मूल ग्लुकोज मिळताच डोळे उघडू शकतं. झटके थांबवायच्या औषधानेही गुण उतरतात. उलट चांदीपुरा विषाणू बघा. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या त्या गावात सापडला. २००३ मध्ये बिदरला लागून असलेल्या तेव्हाच्या आंध्र प्रदेशात मेंदूज्वराच्या साथीत ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली. अशा आजारात सकाळचा गुण संध्याकाळी शिळा होतो. म्हणून तो पुन्हा पुन्हा मोजायचा, आणि बेरजेपेक्षा हालचालीच्या गुणाकडे जास्त लक्ष द्यायचं.

मुलाला झटका आला तर चप्पल-कांदा हुंगवू नका, तोंडात पाणी घालू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, आणि मूल शेवटचं नीट कधी बोललं ती वेळ डॉक्टरांना सांगा.