सांडपाण्यातील वीज

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा हे गाव मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. तेथे मक्यापासून स्टार्च काढण्याचाही उद्योग चालतो. त्यासाठी मका भिजवून, भरडून पुनःपुन्हा धुवावा लागतो आणि धुतलेल्या पाण्यात मक्याचा काही अंश उतरतो. असे पाणी तसेच नाल्यात सोडले, तर ते कुजते. नाल्यातील प्राणवायू संपतो व मासे मरतात. म्हणून ते आधी शुद्ध करावे लागते. त्यासाठी पुष्कळदा यंत्रांनी पाण्यात हवा खेळवतात आणि त्यात वीज खर्च होते. याच पाण्यातून वीज मिळाली तर?

इंग्लंडमधील शास्त्रज्ञ पॉटर यांनी १९११ साली दाखवून दिले की, सूक्ष्मजीव अन्नाचे विघटन करीत असता वीज उत्पन्न होते. जीवाणू अन्न पचवितात, तेव्हा इलेक्ट्रॉन नावाचे विजेचे अतिसूक्ष्म कण मोकळे होतात. एरवी जीवाणू ते प्राणवायूच्या स्वाधीन करतात. प्राणवायू नसेल, तर काही जातींचे जीवाणू ते कर्बाच्या पट्टीला देतात. तेथून ते तारेवाटे दुसऱ्या पट्टीकडे जातात आणि तेथील प्राणवायूला मिळतात. हाच विजेचा प्रवाह होय. या साधनास सूक्ष्मजीव इंधनघट म्हणतात. दोन पट्ट्यांच्या मध्ये एक पडदा असतो. खरगपूरच्या आय.आय.टी.मधील प्रा. मकरंद घांगरेकर व त्यांचे सहकारी यांनी भातगिरणीच्या सांडपाण्यावर केलेले प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या एका घटात महागड्या पडद्याचे काम चक्क मातीच्या मडक्याने केले होते!

परंतु अशा एका घटाचा दाब एक व्होल्टहूनही कमी असतो व प्रवाहही क्षीण असतो. कारण सपाट पट्टीवर थोडेच जीवाणू चिकटतात. येथे ग्राफीन उपयोगी पडते. शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइट म्हणजे कर्बाच्या थरांची चवड; त्यातील एक अणूएवढा जाड असा एकच थर म्हणजे ग्राफीन. गाइम व नोवोसेलोव यांनी मँचेस्टर येथे २००४ साली साध्या चिकटपट्टीने तो सुटा केला. २०१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ग्राफीनमधून वीज सहज वाहते. स्पंजासारख्या सच्छिद्र वस्तूवर त्याचा लेप दिला, तर आतल्या भोकाभोकांत जीवाणूंना जागा मिळते आणि इलेक्ट्रॉनांना सुलभ वाट सापडते. अशा प्रयोगांत विजेचा प्रवाह वाढलेला आढळला.

मात्र हे घट प्रयोगशाळेतील, लहान आकाराचे आहेत. कारखान्याच्या हौदाएवढे घट स्वस्तात बांधणे अजून साधलेले नाही. ते साधले, तर मका धुतलेले पाणी शुद्ध होता होता, आपल्या शुद्धीसाठी लागणारी काही वीज स्वतःच देऊ लागेल.