हाव शिरते कुठून? चार चित्रपट काय दाखवतात

'लालच बुरी बला' हे आम्ही शिक्षक मंडळी मुलांना पहिलीपासून शिकवतो. मुलं पाठ करतात, परीक्षेत गुणही मिळवतात. पण लालच माणसात शिरते कशी आणि सत्ता त्याला आतून पोखरते कशी, हे त्या एका वाक्यातून कळत नाही. काही चित्रपटांनी मात्र ते नीट उलगडून दाखवलं आहे.

बहुतेक सिनेमांत व्हिलन पहिल्या सीनपासूनच वाईट असतो. बघणारा मनात म्हणतो, हा कुणीतरी वेगळाच प्राणी आहे, माझा याच्याशी काय संबंध? चांगला चित्रपट ही पळवाट ठेवत नाही.

विशाल भारद्वाज यांचा 'मकबूल' (2003) घ्या. मकबूल (इरफान खान) हा अब्बाजीचा (पंकज कपूर) सर्वांत भरवशाचा माणूस. दोन पोलीसवाले त्याच्या कानावर भविष्य घालतात की गादी तुझीच आहे. निम्मी (तब्बू) त्याला डिवचते. पण हात त्याचाच उठतो, आणि तोही ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर. गादी मिळते आणि त्याच दिवसापासून झोप उडते. आपल्यापैकी काहींना इथे खटकेल की सिनेमावाल्यांना डॉन म्हटलं की मुसलमानच कसा सुचतो? तक्रार खोटी नाही. पण मकबूलची मूळ गोष्ट शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकाची, म्हणजे स्कॉटलंडच्या राजवाड्यातली. चारशे वर्षांपूर्वीची ती गोष्ट मुंबईत आणली तरी जशीच्या तशी बसते, कारण हाव कुणाची जात-जमात विचारून येत नाही.

दुसरा चित्रपट 'सामना'. जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांचं लेखन. 1975 मध्ये तो बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात गेला होता. हिंदूराव धोंडे पाटील (निळू फुले) हा साखर कारखान्याचा आणि सगळ्या पंचक्रोशीचा मालक. त्याच्याकडे एक दारुडा, फाटका मास्तर (श्रीराम लागू) येऊन पडतो. हिंदूराव त्याला खाऊपिऊ घालतो, कपडे देतो. मास्तर मात्र मारुती कांबळे नावाच्या गायब झालेल्या माणसाबद्दल एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहतो. पैसा, माणसं, वट, सगळं हाताशी असूनही हिंदूराव त्या प्रश्नासमोर हतबल होतो. सत्तेला तलवारीपेक्षा जास्त भीती हिशेब मागणाऱ्याची असते, हे इतकं साधं करून फार थोड्या चित्रपटांनी दाखवलं आहे.

जब्बार पटेल यांचाच 'सिंहासन' (1979) अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला आहे. इथे एकच एक व्हिलन नाही. मुख्यमंत्री खुर्ची सांभाळतोय, अर्थमंत्री ती ओढतोय, बाकीचे वारा बघून बाजू बदलताहेत. हे सगळं बघणारा पत्रकार दिगू (पुन्हा निळू फुलेच) शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. माणसं बदलली तरी खेळ तोच राहतो, हे बघणाऱ्याच्या लक्षात येतं तेव्हा त्याला मात्र हसू येत नाही.

चौथा 'तुंबाड' (2018). राही अनिल बर्वे यांनी हावेलाच एक आकार दिला, हस्तर. विनायक त्याच्या लंगोटातून सोन्याच्या मोहरा पळवतो. एका वेळी थोड्याच, जपून. जीव मुठीत धरून आत जायचं, वर यायचं, मोहरा उडवायच्या, पुन्हा जायचं. 'आता पुरे' हा शब्द त्याच्या तोंडी कधी येत नाही. आणि हे काम तो आपल्या लहान मुलालाही शिकवतो. मुलगा बापाच्या एक पाऊल पुढे जातो. तो म्हणतो, मोहरा कशाला, लंगोटच आणू! त्यात बाप जातो. मरता मरता तो लंगोट मुलापुढे धरतो, आणि मुलगा तो घेत नाही.

आम्हा शिक्षकांना हा शेवट सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मूल हाव घरातूनच शिकतं, पण नाकारण्याची ताकदही त्याच्यात असते.

आता आपल्याकडे वळू. सत्ता फक्त मंत्रालयात नसते. सोसायटीचा सेक्रेटरी, शिक्षण संस्थेचा पदाधिकारी, मशिदीच्या कमिटीचा सदर, वर्गातला मॉनिटर, प्रत्येकाकडे तिचा एक तुकडा असतो. पद ही अमानत आहे, असं आपण तकरीरीत ऐकतो. पण जमा-खर्चाचा कागद मागणाऱ्याला 'तू कोण विचारणारा?' असं ऐकावं लागलं, तर समजावं की छोटा हिंदूराव तयार होतोय. असा माणूस मुळात वाईट असतोच असं नाही. पुष्कळदा तो कालपर्यंत सगळ्यांच्या मदतीला धावणारा भला माणूस असतो. मकबूलही अब्बाजीचा वफादारच होता.

म्हणून पालकांना आमचं एक सांगणं आहे. 'मकबूल' आणि 'तुंबाड' लहानांसाठी नाहीत, रक्तपात आणि भीती बरीच आहे. पण कॉलेजातल्या मुलांबरोबर यातला एखादा चित्रपट जरूर बघा. संपल्यावर टीव्ही लगेच बंद करून उठू नका. दोनच प्रश्न विचारा: हा माणूस नेमका कोणत्या क्षणी थांबू शकला असता? आणि त्याला कोणी टोकलं असतं, तर त्याने ऐकलं असतं का? उत्तरं मुलांना शोधू द्या. त्यांनी उलट आपल्यालाच हे दोन प्रश्न विचारले, तर रागावू नका.