हवेत पारा येतो कुठून?

‘आज बाबांचा पारा चढलाय!’ असं आपण सहज म्हणतो. पण खराखुरा पाराही वर चढतो बरं का, थेट हवेत!

पारा उकळतो ३५७ अंश सेल्सिअसला. पण न उकळताही त्याची हळूहळू वाफ होतच असते. ती दिसत नाही, तिला वासही नसतो.

जमिनीच्या पोटात पारा बहुधा गंधकाशी जोडलेला असतो. त्या लाल खनिजाला म्हणतात हिंगूळ. स्पेनमधल्या अल्मादेनची हिंगुळाची खाण तर सुमारे २००० वर्षं चालली! अशा खडकांतून, मातीतून पारा सुटतो. इटलीतल्या एटनासारखे ज्वालामुखी तो ओकतात. पानांत साठलेला पारा वणव्यात मोकळा होतो.

मग वारा त्याला महिनोन्‌महिने देशोदेशी फिरवतो. पावसाबरोबर तो खाली येतो. पाण्यातले सूक्ष्मजीव त्याचं आणखी विषारी रूप बनवतात. ते लहान माशातून मोठ्या माशात आणि तिथून माणसात पोचतं, मेंदूला इजा करतं. जपानमधल्या मिनामाता इथं कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्यानं हेच घडलं. १९५६ मध्ये ते उघडकीस आलं.

निसर्गाचा पारा पूर्वीपासून आहेच. पण कोळसा जाळून, सोनं काढताना पारा वापरून माणसानं हवेतला पारा कितीतरी पट वाढवला. तो कमी करण्यासाठी २०१३ मध्ये ‘मिनामाता करार’ झाला. भारतही त्यात आहे. ज्वालामुखीला कोण थांबवणार? आपण मात्र थांबू शकतो!

आणि हो, घरातला जुना थर्मामीटर फुटला, तर त्या चमचमत्या गोळ्यांशी खेळू नका. खिडक्या उघडा आणि लगेच मोठ्यांना हाक मारा.