आशाताईंचे मनाविषयीचे दोन प्रश्न

मैत्रिणींनो, तिशी ओलांडलेल्यांचा फॉर्म आशाताई भरतात, त्यात मनाविषयी दोन प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेना, असं किती दिवस झालं? उदास, हताश किती दिवस वाटलं? 'एकदाही नाही'ला ०, 'काही दिवस'ला १, निम्म्याहून जास्त दिवसांना २, 'जवळजवळ रोज'ला ३ गुण. दोन्हींची बेरीज ३ च्या वर गेली तर आरोग्य केंद्रात दाखवायला सांगतात. ही नुसती चाळणी. तेवढ्यावरून कुणी आजारी ठरत नाही.

पण आमच्या वळसंगच्या बाया सासूसमोर 'सगळं बरंय' म्हणून मोकळ्या होतात! रक्तातली साखर न सांगता कळते, मनाचं आपण सांगू तेवढंच कागदावर येतं. म्हणून आम्ही ताईंना म्हटलं, हे दोन प्रश्न एकटीला गाठून विचारा. आणि रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतूनही बोलता येतं.