पाण्यावर तोललेलं देऊळ
(पूर्वेची देवळं : भाग ६)

कंबोडियातल्या सिएम रीप गावात सगळे पर्यटक पहाटे साडेचारला उठतात, मीही उठलो. रेमॉर्कने, म्हणजे मोटारसायकलला गाडा जोडलेल्या तिथल्या रिक्षाने, अंगकोर वाटच्या पश्चिम दरवाजाशी सोडलं. सूर्योदयाबद्दल काही लिहीत नाही. ढग होते आणि पुढे शे-दोनशे मोबाइल. लिहायचंय ते खंदकाबद्दल.

हा खंदक तब्बल १९० मीटर रुंद आहे. आपल्या भुईकोटांचे खंदक पाहिलेल्या माणसाला तो नदीच वाटतो. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने हे विष्णूचं देऊळ बांधलं. देऊळ म्हणजे मेरू पर्वत आणि खंदक म्हणजे त्याच्याभोवतीचा समुद्र, असा अर्थ सांगतात. तो आहेच. पण या पाण्याला दुसरंही काम आहे.

वेरूळच्या कैलासाला पायाची चिंता नाही, डोंगर कोरूनच तो काढलाय. अंगकोर मात्र सपाट, वाळूच्या जमिनीवर एकेक दगड रचून उभं केलंय. वालुकाश्म चाळीसेक किलोमीटरवरच्या कुलेन डोंगरातून आणला; आतली भर जांभ्याची, आपल्या कोकणातल्या घरांना असतो तसाच जांभा. दगडांवर बोटभर रुंदीची गोल भोकं जागोजागी दिसतात. उचलताना खुंट्या ठोकायला ती पाडली होती. सांध्यांत चुना दिसत नाही, दगडावर दगड घासून बसवलाय. एवढा भार खाली दाबून बसवलेल्या वाळूवर!

चौपाटीवर ओल्या वाळूत पाय खुपसून खोपा केलाय ना? वाळू ओली असेतो तो उभा राहतो, सुकली की ढासळतो. इथेही भूजलाची पातळी टिकली तर पायातली वाळू ओलसर राहते आणि भार पेलते. खंदक आणि बाराय, म्हणजे ख्मेर राजांचे प्रचंड तलाव, पावसाळ्यातलं पाणी साठवतात, जमिनीत मुरवतात. पश्चिम बारायची लांबी ८ किलोमीटर आहे, काठावर उभं राहिलं तर पलीकडचं टोक दिसत नाही.

गावाची तहान मात्र वर्षानुवर्षं याच भूजलावर भागत आली. २०१८ साली अंगकोरला २५ लाखांवर परदेशी पर्यटक आले. नळाचं पाणी पुरेना, तेव्हा हॉटेलांनी बोअर मारल्या. मी उतरलो होतो त्या बारा खोल्यांच्या लॉजलाही पोहण्याचा तलाव होता आणि दुपारच्या उकाड्यात मी त्यात डुंबलोही. ते पाणी कुठून येतं हे विचारायचं मला निघायच्या दिवशी सुचलं. मालकाने हसून अंगणातल्या पंपाकडे बोट दाखवलं.

जाणार असाल तर पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरात जा. खंदक भरलेला असतो. लॉज मात्र बिनतलावाचं शोधा, भाडंही कमी पडतं.

पुढच्या आठवड्यात ता प्रोम : झाडांच्या मुळांनी आवळलेलं हे देऊळ सावरायला आपलं पुरातत्त्व खातं तिथे गेलं, त्याची गोष्ट.