उष्टं फळ

मार्च १९९९. क्वालालंपूरच्या मलाया विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत डॉ. चुआ काव बिंग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. सुंगाई निपाह गावच्या एका रुग्णाच्या मणक्यातलं पाणी त्यांनी पेशींवर सोडलं होतं. पाच दिवसांत त्या पेशी एकमेकींत विरघळून मोठे गोळे झाले. एकेका गोळ्यात कितीतरी केंद्रकं. जपानी मेंदूज्वराचा विषाणू पेशींची अशी गत करत नाही.

मलेशियाचं सरकार मात्र सप्टेंबर १९९८ पासून डासांमार्फत पसरणाऱ्या जपानी मेंदूज्वराशीच लढत होतं. गावोगाव धूरफवारणी झाली, लशी टोचल्या. तरी माणसं दगावत होती. जपानी मेंदूज्वर गाठतो तो मुख्यतः मुलांना; इथे आडवी पडत होती घरातली कर्ती माणसं, तीही डुकरं पाळणारी. डास तर सगळ्यांनाच चावत होते, पण डुकरांना न शिवणारी शेजारची मुस्लिम कुटुंबं सुखरूप होती. आणि खुराड्यांत डुकरं खोकून खोकून बेजार झाली होती.

नमुने घेऊन चुआ अमेरिकेत फोर्ट कॉलिन्सला गेले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला तो गोवर-गालगुंडाच्या कुळातला विषाणू. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात घोडे मारणाऱ्या हेंड्रा विषाणूचा हा सख्खा भाऊबंद. डास निर्दोष होता. रोग डुकरांकडून येत होता. दहा लाखांहून जास्त डुकरं मारली, तेव्हा साथ आटोक्यात आली. तोवर मलेशियात २६५ जण आजारी पडले होते, त्यांतले १०५ गेले. विषाणूला त्या गावाचं नाव मिळालं : निपाह.

पण डुकरांना तो दिला कुणी? हेंड्रा फळं खाणाऱ्या वटवाघळांत सापडला होता, म्हणून चुआंचं पथक तिओमान बेटावर गेलं. वटवाघळं लटकतात त्या झाडांखाली त्यांनी प्लॅस्टिक अंथरलं, त्यावर पडलेलं मूत्र टिपून घेतलं, अर्धवट खाल्लेली फळंही उचलली. निपाह मूत्रात सापडला, आणि आपल्या कोकणातल्या जामासारख्या एका उष्ट्या फळावरही.

साखळी जुळली. साथ सुरू झाली त्या इपोहच्या भागात डुकरांच्या खुराड्यांना लागूनच आंब्याची झाडं होती. रात्री वटवाघळांनी चावून टाकलेलं फळ खाली पडायचं, डुक्कर ते खायचं. दाटीवाटीनं कोंडलेल्या कळपात विषाणू फोफावला आणि तिथून माणसात आला. बांगलादेशात डुकराचीही गरज पडली नाही. वटवाघळांनी तोंड लावलेला खजुरीचा कच्चा रस पुरला.

२०१८ मध्ये केरळात कोळिकोडला निपाह आला, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं त्यावर शिक्कामोर्तब केलं. याच संस्थेला पुढे महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहची प्रतिपिंडं आढळली. प्रतिपिंडं म्हणजे साथ नव्हे. पण विषाणू तिथवर येऊन गेल्याची ती खूण आहे.

पण म्हणून गुहांत धूर करू नका, वटवाघळांची झाडं तोडू नका. रानाचं बी तीच पेरतात, आणि हुसकावलेली वटवाघळं वस्तीच्याच जवळ येतात. पोपटानं उष्टावलेला पेरू गोड, असं ऐकत आपण वाढलो. ते आता विसरायला हवं. झाडाखाली पडलेलं, दात लागलेलं फळ मुलांच्या हातून काढून घ्या. बाकीची धुऊन, सोलून खा. निपाहवर माणसांसाठी मान्यता मिळालेली लस अजून नाही. आज आपल्या हाती आहे ती एवढी खबरदारी.