गोधडी

गोधडी : वापरून मऊ झालेल्या जुन्या सुती वस्त्रांचे थर एकावर एक पसरून व ते धावदोऱ्याने एकत्र शिवून घरी तयार केलेले अंथरूण वा पांघरूण. पश्चिम महाराष्ट्रात तिला ‘वाकळ’ असेही म्हणतात. हिंदीतील गुदडी, गुजरातीतील गोदडी व कन्नडमधील कौदी ही तिचीच भावंडे असून बंगालचा कांथा आणि बिहारची सुजनी यांचे मूळ तंत्रही हेच आहे. गोधडी महाराष्ट्रात सर्वत्र आढळत असली, तरी जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांत तिचा विचार एका वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा ठरतो. हा प्रदेश कापसाचा आहे; तरीही तेथील शेतकऱ्याचे घर पिढ्यानपिढ्या कापसाच्या रजईखाली नव्हे, तर चिंध्यांच्या गोधडीखाली झोपत आले.

तापीचे खोरे समुद्रापासून दूर व सातपुड्याच्या पायथ्याशी असल्यामुळे खानदेशचे हवामान विषम आहे. उन्हाळ्यात जेथे पारा ४५° से.पर्यंत चढतो, तेथेच पौष-माघातील पहाटे तो १०° से.च्या खाली उतरतो. दिवसा ऊन आणि रात्री बोचरी थंडी असा हा हिवाळा असतो. याच काळात गहू-हरभऱ्याला रात्रीचे पाणी द्यावे लागते, ज्वारी राखावी लागते व खळ्यावर मुक्काम करावा लागतो. अशा वेळी शेकोटीबरोबर खांद्यावरची गोधडी हाच आधार असतो. घरात ती अंथरावयाची, पांघरावयाची, पाहुण्याला बसावयास घालावयाची आणि हंगामी कामासाठी बाहेर पडताना सारा संसार बांधून न्यावयाची वस्तू होय.

कापूस पिकविणाऱ्याच्या घरी चिंध्यांचे पांघरूण का, याचे पहिले उत्तर बाजारात सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला. त्याच सुमारास लोहमार्ग खानदेशात पोहोचला आणि येथील कापूस हे रोख पैशाचे पीक म्हणून दृढ झाले. पुढे जळगाव, अमळनेर, चाळीसगाव व धुळे येथे कापडगिरण्याही निघाल्या. वेचलेला कापूस सावकाराचे देणे, सारा आणि लग्नकार्य यांसाठी घराबाहेर जाई. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून गादी वा रजई भरून घेणे सुस्थितीतील घरांनाच परवडे. जुने लुगडे व धोतर मात्र विकत आणावे लागत नव्हते. दुसरे उत्तर वापरात आहे. सुट्या कापसाची रजई भिजली, की कापसाच्या गुठळ्या होतात व ती पुन्हा पिंजून भरावी लागते. गोधडी मात्र सबंध धुता येते. धूळ, शेण, मूल आणि पाऊस यांच्याशी रोजचा संबंध असलेल्या घरात हा गुण थोडा नव्हे.

गोधडीचे मापही लुगड्यानेच ठरविले. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मी. लांब असते; त्याच्या चार घड्या घातल्या, की सुमारे दोन मी. लांबीचे चार थर होतात. ही एका माणसाची गोधडी. दोघांची वा मुलांसहित मोठी करावयाची झाल्यास लुगडी रुंदीत जोडून घेतात. वरच्या व खालच्या बाजूला त्यातल्या त्यात धड कापड लावतात आणि पोटात धोतरे, सदरे, परकर, पोलकी, फेटे असे जे असेल ते उसवून घालतात. शिवणी, नेफे व जाड काठ आधी काढून टाकावे लागतात, कारण ते आत राहिल्यास गाठीसारखे टोचतात आणि सुईही अडते. चिंध्या मांडणे हे या कामातील खरे कौशल्य. एका तुकड्याचे भोक दुसऱ्याने झाकले जावे, कडेला व मध्याला जाडी सारखी राहावी आणि कोठेही पोकळी पडू नये, असा हिशेब डोळ्यांनीच केला जातो. शिवण सुरेख पण मांडणी वाईट अशी गोधडी दोन धुण्यांतच एका बाजूला गोळा होते.

ओसरीवर किंवा सारवलेल्या अंगणात खालचे कापड ताणून पसरतात, कोपऱ्यांवर दगड वा वरवंटा ठेवतात, थर रचतात आणि वरचे कापड घालून चारही कडा आत दुमडतात. आधी मोठ्या टाक्यांनी सर्व थर तात्पुरते बांधून घेतात. मग शिवणारी स्त्री गोधडीवरच बसते. तिच्या वजनाने थर जागचे हलत नाहीत. जाड सुती दोरा व लांब सुई वापरून कडेपासून बोटा-दोन बोटांच्या अंतराने धावदोरा घालत जातात. चारही बाजूंनी फिरून शिवण आत आत सरकते आणि एकात एक बसलेल्या चौकटी तयार होऊन शेवटची चौकट मध्यावर मिटते. काही ठिकाणी त्याऐवजी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत समांतर ओळी घालतात. दोघीतिघी निरनिराळ्या बाजूंनी बसल्या, तर काम लवकर होते. मात्र प्रत्येकीच्या टाक्याची लांबी वेगळी पडत असल्याने कोणती बाजू कोणाची हे जाणत्या नजरेला पुढेही ओळखता येते. दुपारच्या फावल्या वेळात एकटीने शिवावयास घेतलेली गोधडी अनेक दिवस चालते. हे काम बहुधा उन्हाळ्यात होते. कापूस वेचणीच्या दिवसांत बायकांना सवड नसते. त्यामुळे हिवाळ्याची ऊब चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात शिवली जाते. मजुरीवर गोधड्या शिवून देणाऱ्या स्त्रियाही गावोगाव असत. सुया-दाभणे दारावर येत, ती विकावयास आणणाऱ्या वैदू स्त्रियांकडून.

सजावट म्हणून वेगळे काही केले जात नाही, तरी रचनेतून शोभा येतेच. लुगड्याचा रंगीत काठ कडेने चौकटीसारखा लावणे, कोपऱ्यांवर त्रिकोणी ठिगळे देणे, गडद कापडावर पांढरा व फिक्यावर लाल दोरा वापरणे हे प्रकार सर्रास दिसतात. बंगालच्या कांथ्यात टाक्यांनी फुले, प्राणी व प्रसंग रेखाटले जातात; तसे चित्रकाम मराठी गोधडीत सहसा नसते. तिचे सौंदर्य ठिगळांच्या जुळणीत आहे आणि ती जुळणी पुष्कळदा सौंदर्यापेक्षा उपलब्धतेने ठरलेली असते. घरातील माणसांना मात्र तीत वेगळेच काही दिसते. हे आजीच्या लुगड्याचे, हा काकाचा सदरा, अशी ओळख पटवीत मुले झोपी जातात. वारलेल्या वडीलधाऱ्या स्त्रीचे लुगडे नातवंडांच्या गोधडीत घालण्याची रीत अनेक घरांत आहे.

गोधडीची ऊब कापडात नसून थरांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेत असते. हवा उष्णतेची मंदवाहक आहे. शिवणीमुळे ती लहान लहान कप्प्यांत कोंडली जाते व हलत नाही. शिवण फार विरळ असेल, तर थर सरकून गोधडी काही जागी पातळ पडते. फार दाट असेल, तर थर दाबले जाऊन हवा निघून जाते आणि गोधडी जड व कडक होऊनही कमी ऊब देते. बोटा-दोन बोटांचे परंपरागत अंतर या दोन दोषांच्या मधले आहे. जुनेच कापड लागते, यालाही कारण आहे. अनेक धुण्यांनी नव्या कापडाची खळ निघून गेलेली असते, धागे सैल व मऊ झालेले असतात. त्यातून सुई सहज जाते आणि ते घामही टिपते. तान्ह्या मुलाचे दुपटे व डोके-पाठ झाकणारी कुंची जुन्या लुगड्याची करतात ती याचसाठी. पाण्याच्या हंड्याखालची चुंबळ, चंची, बटवा आणि पायपुसणे हीही याच चिंध्यांची घरगुती कामे होत.

दसरा-दिवाळीच्या घरसजावटीतही गोधडीला स्थान आहे, पण ते धुण्याच्या रूपाने. नवरात्रात घट बसण्यापूर्वी घरातील सर्व अंथरुणे-पांघरुणे धुऊन काढण्याची चाल आहे. भिंती सारवून वा रंगवून झाल्या, की तापी, गिरणा, पांझरा किंवा जवळच्या ओढ्यावर गोधड्यांची गाठोडी जात. सोड्याच्या ऊन पाण्यात भिजवून, पायांनी तुडवून, दगडावर धोपाटण्याने बडवून त्या धुतल्या जात. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. दोघींनी दोन टोके धरून पिळावी लागते. मग दिवसभर वाळूवर व खडकांवर त्या पसरलेल्या असत. या कडक उन्हाचा उपयोग केवळ वाळविण्यापुरता नव्हता. शिवणींच्या फटींत ढेकूण घर करतात, हा गोधडीचा मोठा दोष होय; ऊन पाणी आणि ऊन हाच त्यावरचा घरगुती उपाय होता. धुतलेल्या गोधड्या घडवंचीवर रचून ठेवल्या, की दिवाळीत येणाऱ्या लेकी-जावयांच्या झोपण्याची व्यवस्था झाली असे समजले जाई. त्या ढिगाची उंची घरच्या गृहिणीच्या नीटनेटकेपणाची खूण मानीत.

गोधडीकडे पाहण्याची दृष्टी मात्र दुहेरी राहिली आहे. कंथा हे विरक्ताचे वस्त्र. गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) त्यांच्या ठिगळांच्या वेशामुळे ‘गोधडे महाराज’ही म्हणत. सामान्य घरात मात्र ती वैराग्याची नव्हे, टंचाईची खूण होती. पाहुण्यासमोर ठेवणीतली चादर निघे आणि गोधडी आत जाई. अलीकडे तिच्याविषयी लिहिताना मायेचा जो सूर लागतो, त्यात रात्री मिणमिणत्या दिव्याखाली शिवणाऱ्या बाईचे डोळे व बोटे यांचा विसर पडतो.

जुन्या गोधड्या अभ्यासासाठी फारशा मिळत नाहीत, याचे कारण त्यांच्या वापरातच आहे. वरचे कापड विरले, की तीवर नवे अभ्रे चढवून पुन्हा शिवतात. जुनी गोधडी नवीच्या पोटात जाते. पुढे ती गोठ्यात आजारी वासरावर, बैलाच्या पाठीवर झुलीखाली, शेवटी कणगीच्या तोंडावर वा चुलीजवळच्या फडक्यांत संपते. एखाद्या घरातील सर्वांत जुने कापड पाहावयाचे असेल, तर गोधडी उसवावी लागेल आणि ती उसवली, की गोधडी राहत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कलेचा कच्चा मालच बदलला. नायलॉन, टेरिलीन व पुढे पॉलिएस्टर यांच्या साड्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या आणि नऊवारी सुती लुगडे मागे पडले. कृत्रिम धाग्याचे कापड लवकर विरत नाही, घाम टिपत नाही, थर एकमेकांवरून घसरतात आणि टाका घट्ट बसत नाही. अशी गोधडी टिकते पुष्कळ, पण अंगाला चिकटते. त्याच काळात जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बोहारीण दारोदार फिरू लागली. जे लुगडे पूर्वी गोधडीच्या पोटात गेले असते, त्याचा डबा वा पातेले होऊ लागले आणि गृहिणीच्या हिशेबाने हा सौदा वाईट नव्हता. सोलापुरी चादरी, यंत्रमागावरच्या सतरंज्या आणि स्वस्त लोकरी-कृत्रिम ब्लँकेटे यांनी उरलेली गरज भागविली. शहरातील सदनिकांत भिजलेली गोधडी धुण्यास व वाळत घालण्यास जागाही उरली नाही.

आज हाताने शिवलेली गोधडी दोन ठिकाणी दिसते. खेड्यांत, विशेषतः कष्टकरी कुटुंबांत, ती मिळेल त्या कापडाची व पुष्कळदा यंत्रावर शिवलेली असते. शहरांतील हस्तकलेच्या दुकानांत व प्रदर्शनांत ती नव्या सुती कापडाची, रंगसंगती जुळवून केलेली असते आणि तिची किंमत तिच्या श्रमाला काहीशी न्याय देणारी असते. बचत गटांतील स्त्रियांना त्यातून रोजगार मिळतो, हे स्वागतार्हच आहे. तथापि काटेकोर अर्थाने त्या वस्तूस गोधडी म्हणणे अवघड आहे, कारण तिच्यात कोणाचेही वापरलेले वस्त्र नसते. खानदेशात अजूनही काही वृद्ध स्त्रिया नातवाच्या जन्माआधी सुती साडी बाजूला काढून ठेवतात. ती साडी बोहारणीला दिली जात नाही.